चोवीस उन्हाळे

‘माझा डोळा लागला.’ मंगलानं वाक्य टाइप केलं, वेळेचे आकडे जुळवले आणि पुढच्या वाक्याकडे जायला बोट उचललं, ते तिथंच राहिलं. वाक्यात चूक काहीच नव्हती. इंग्रजीतलं मराठीत नीट उतरलं होतं, अक्षरं बेताची होती, पडद्यावर दोन सेकंद आरामात वाचता आलं असतं. पण ते तिला सुचलं नव्हतं, आयतं हाती आलं होतं. दुसरं काहीही लिहिता आलं असतं, मला झोप लागली, मी झोपले, झापड आली. तिनं लिहिलं ते पंचेचाळीस वर्षांपूर्वी देवळाच्या सभामंडपात, खांबापलीकडे उभ्या असलेल्या एका बाईनं उच्चारलेलं वाक्य होतं, तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमानं. मंगलाच्या कानशिलांवर घाम आला. वर पंखा चालू होता. बाहेर पॉवरलूमची खडखड चालली होती, जी बऱ्हाणपुरात कुणालाच ऐकू येत नाही आणि बंद पडली की सगळ्यांना ऐकू येते. तशी ती आता ऐकू आली, चालू असूनही.

मंगला शाळेतून निवृत्त झाल्यावर पूजानं, तिच्या लेकीनं, पुण्याहून हे काम मिळवून दिलं होतं. परदेशी मालिकांना मराठी सबटायटल्स लिहायची. आतापर्यंत खुनाच्या आणि स्वयंपाकाच्या मालिका झाल्या; ही अवकाशातली होती, ‘नववं पीठ’. सूर्य विझला म्हणून आपली पृथ्वी सोडून निघालेले अकरा हजार लोक, दोनशे वर्षं चाललेलं एक अवाढव्य जहाज, त्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर देऊळ आणि देवळात पृथ्वीवरून आणलेली ज्योत. राज्य नऊ पीठाधीशांचं. खालच्या मजल्यांवर यंत्रं आणि यंत्रं चालवणारी माणसं. त्यांना वर यायला बंदी, कारण वरची हवा ज्योतीसाठी राखलेली. मंगलाला हे सगळं आधी पोरकट वाटलं होतं. मग सहाव्या भागात ज्योत सांभाळणारी एना आली. ती मूळची खालच्या मजल्यावरची, निवडून वर घेतलेली पहिलीच. खाली हवेचं यंत्र बंद पडतं, पोरं निळी पडायला लागतात, तेव्हा एना दोन बोटांनी ज्योत विझवते, देवळाची हवा खाली सोडते आणि सहा तासांनी वेल्डिंगच्या ठिणगीनं ज्योत पुन्हा पेटवते. पण कुणीतरी पाहिलेलं असतं. पीठात दोन तट असतात. खालच्यांची बाजू घेणारा पीठाधीश जेमतेम एका मतानं तरलेला. एनानं खरं सांगितलं तर हा त्याचाच कट ठरणार आणि मजल्यांमधले दरवाजे कायमचे सांधले जाणार. म्हणून ती सभेत एवढंच म्हणते की माझा डोळा लागला. तिला जहाजाबाहेर सोडतात. जाताना ज्यांची पोरं वाचली ते खालचे लोक तिच्याकडे पाठ करून उभे असतात.

कसाबसा भाग पुरा करून तिनं फाइल पाठवली. संध्याकाळी फोन वाजला. कंपनीतला रितेश. तिशीचा असेल, इंदूरचा, मराठी आजीचं आणि हिंदी दोस्तांचं.

“मॅम, सहावा एपिसोड बघितला. मस्त झालाय. बस, लास्टची एक लाइन. तो पीठाधीश एकटा बसून बोलतो ना, ‘आम्ही तिचा बळी दिला.’ क्लायंटला बळी शब्द हार्श वाटतोय. रिलिजस अँगल आहे, उगाच कोणाच्या भावना... तर ‘तिने त्याग केला’ असं करू या का?”

“उद्या सांगते,” ती म्हणाली.

“उद्या पक्का, मॅम. शनिवारी फाइल जाईल.”

बळी देतात आणि त्याग करतात. एवढं ती आठवीच्या वर्गाला झोपेतही शिकवू शकली असती: पहिल्यात देणारा वेगळा आणि जाणारा वेगळा, दुसऱ्यात दोन्ही एकच. पीठाधीशाला आधीपासून सगळं माहीत होतं. त्याची खुर्ची टिकली. खुर्चीत बसून तो हे बोलतो. मंगलानं व्हिडिओ मागे नेला आणि त्याचा चेहरा पुन्हा पाहिला. पांढरी दाढी, काचेचे डोळे, कपाळावर चिकटवलेली कसलीशी खूण, आणि तरी त्या चेहऱ्यात अण्णा होते. तिचे वडील, वसंत मास्तर, दत्ताच्या देवळाचे चिटणीस. दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवून, मान किंचित डावीकडे, ओसरीवर बसलेले. एकोणऐंशी सालच्या मे महिन्यातल्या त्या रात्री ते जेवले नव्हते. आईनं दोनदा हाक मारली होती. तेरा वर्षांची मंगला आतल्या खोलीत गोधडीखाली, एवढ्या उकाड्यात, अंग आखडून पडली होती आणि वाट पाहत होती की अण्णा येतील आणि विचारतील. ते आले नाहीत. त्यांनी कधीच विचारलं नाही, मरेपर्यंत.

त्या सुट्टीत पुजारी आजारी होते. सकाळी नंदादीपाजवळ बसायचं, तेल कमी झालं की घालायचं, वात सरली की दुसरी आधी पेटवून मग पहिली काढायची, एवढं काम अण्णांनी देवळात कुणाला न सांगता तिला दिलं होतं. तो दिवा तिच्या पणजोबांच्या काळापासून अखंड होता असं सगळे सांगत. तिसऱ्या दिवशी ती वाचनालयातली कादंबरी घेऊन बसली. गाभाऱ्यातला गारवा, तेलाचा वास, पाठीला दगडी भिंत. जाग आली ती करपलेल्या वातीच्या वासानं. समोर अंधार होता आणि उंबऱ्याबाहेर अण्णांच्या विरोधी गटाच्या मोतीलाल शेठची आई हातात फुलांची परडी घेऊन उभी होती. म्हातारीला कमी दिसायचं. दिवा विझलेला तिला दिसला, कोपऱ्यातली पोर दिसली नाही. ती ओरडतच बाहेर धावली. तेवढ्यात बादली घेऊन भागाबाई आली. खालच्या गल्लीतल्या लोकांना सभामंडपापर्यंत येऊ देण्याचा आणि आवारातली विहीर त्यांना खुली करण्याचा ठराव अण्णांनी आदल्या वर्षी एका मताच्या जोरावर मंजूर करून घेतला होता, आणि मंडप धुवायला भागाबाईला ठेवलं होतं. तिनं मंगलाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. “मागच्या दारानं घरी जाय,” ती म्हणाली. बस, एवढंच. संध्याकाळी मंडपात सगळी वरची गल्ली जमली, मंगलाही आईशेजारी बसली होती, तेव्हा भागाबाई खांबापलीकडे उभी राहून म्हणाली, “लक्ष ठेवायले मीच बसली व्हती. माझा डोळा लागला.” तिला त्याच दिवशी काढलं. मंडप खालच्या गल्लीला बंद झाला. अण्णा चिटणीस राहिले.

इतकी वर्षं मंगलानं याचा एक अर्थ मनाशी जपला होता, उबदार आणि ओलसर. भागाबाईची माया. रडणाऱ्या पोरीसाठी गरीब बाईनं घेतलेला आळ. लग्नात भावाच्या हाती तिनं भागाबाईला लुगडं पाठवलं होतं. भाऊ म्हणाला होता की ती बऱ्हाणपूर सोडून धूलकोटला भावाकडे राहायला गेली. लुगडं पोचलं का, हे तिनं विचारलं नाही. वर्गात मुलांना निःस्वार्थ प्रेमाचे दाखले देताना तिच्या डोळ्यांसमोर तीच बादलीवाली बाई यायची, आणि आपण तिला विसरलो नाही याचंच मंगलाला समाधान वाटायचं. आज एनानं ते मोडलं. एना कुणाच्या मायेनं खोटं बोलली नव्हती. तिनं अख्ख्या सभेचा हिशेब मांडला होता, कोण कुणाला पाडील, कुठला दरवाजा बंद झालेला चालेल आणि कुठला नाही. भागाबाईनं असा काही विचार केला असेल, ही शक्यताच मंगलाच्या मनात पंचेचाळीस वर्षांत आली नव्हती. अवकाशातल्या जहाजावरच्या, रंग फासलेल्या नटीला तिनं जी अक्कल सहज देऊन टाकली, ती खालच्या गल्लीतल्या भागाबाईला देऊ केली नव्हती.

आणि टेबलावर ते पत्रक पडलं होतं. धर्मेंद्र, तिच्या भावाचा मुलगा, देवस्थानच्या निवडणुकीला अध्यक्ष म्हणून उभा होता. दोन दिवसांपूर्वी आणून दिलं होतं, “आत्या, शुद्धलेखन बघून देता का?” त्यात मंडळाचं सदस्यत्व आणि सेवा फक्त वरच्या गल्लीतल्या जुन्या घराण्यांकडे ठेवायचं वचन होतं, आणि खाली एक ओळ: ‘१९७९ साली बाहेरच्या लोकांना सेवेत घेतल्यामुळे अखंड नंदादीप विझला, हा इतिहास विसरू नका.’ धर्मेंद्रनं ‘नंदादीप’मधला ‘दी’ ऱ्हस्व लिहिला होता. मंगलानं तो लाल पेनानं दीर्घ केला होता. त्या ओळीत तिनं दुरुस्त केलेलं तेवढंच. ती खूण आता ती बघत बसली, किती नीट, शिक्षकी वळणाची.

सकाळी तिनं धूलकोटची बस धरली. निंबोला मागे पडेपर्यंत दोन्हीकडे केळी, त्यांची फाटकी पानं उन्हात लकाकत होती. मग कापूस, मग उघडी टेकाडं. काय बोलायचं ते ती मनात जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य कर्त्यापाशी अडत होतं. लहानपणी ती भागाबाईला अगं-तूगं करायची, पोरवयात, बत्तीस वर्षांच्या बाईला. त्या गल्लीतल्या सगळ्यांनाच. आता काय म्हणायचं, इथपासून सुरुवात होती.

घर विचारत गेली. अंगणात एक तरुणी मोबाइलवर बोलत होती. ती निशा, भागाबाईची नात, तिथल्याच अंगणवाडीत कामाला. “आजी, कोई मॅडम आली आहे बऱ्हाणपूरवरून,” तिनं आत हाक मारली. भागाबाई खाटेवर बसली होती. चेहरा आक्रसला होता, पण नजर तशीच, आधी माणसाकडे, मग त्याच्यामागे काय आहे तिकडे.

“मास्तरची मंगल,” ती म्हणाली. “केस लवकर पिकले वं तुझे.”

“तुम्ही ओळखलंत.”

“तुम्ही?” भागाबाई हसल्यासारखी झाली. “बस.”

चहा आला, प्यायला गेला. केळी, पाऊसपाणी, पूजाची नोकरी. मग मंगलानं कप खाली ठेवला. “तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोललात. मी कधी आले नाही, विचारलं नाही. माझ्यासाठी तुम्ही...”

“तुझ्यासाठी?” भागाबाईनं तिला मध्येच थांबवलं, आवाज न चढवता. “नाही वं बाई. तू रडत व्हती, वाईट वाटलं. पण तुझ्यासाठी कशाले? तुझ्यापेक्षा लहान दोन मले घरी व्हत्या.”

निशा दारात उभी होती. तिनं फोन खाली केला.

“दुपारी मी तुझ्या बापाच्या शाळेत गेली,” भागाबाई सांगू लागली. “उन्हात उभी राहिली खिडकीबाहेर. म्हटलं, मास्तर, शेठ आज तुमाले पाडणार. पोरीचं नाव निघालं का तुमचं गेलं, आन् तुमचं गेलं का विहीर गेली. माझं नाव सांगा. मंडप बंद होईल, होऊ द्या. पण तुम्ही खुर्चीवर राहा आन् विहीर उघडी ठेवा. तो म्हणे, भागाबाई, असं नाही करता येणार. मी म्हटलं, मंग तुमी काय करता ते सांगा. त्याच्याजवळ काही नव्हतं सांगायले. घंटा झाली. पोरं बाहेर आली. तो म्हणे, बरं.”

“अण्णा ‘बरं’ म्हणाले?”

“बरं म्हणे. आन् शब्द पाळला, ते खोटं नाही सांगणार मी. देव काय, घरात बी असते. पाणी घरात नव्हतं. नदीवरून आणायचं, हंडा डोक्यावर, पोट आलेल्या बाया बी.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “आमच्याच लोकाइनं नाही सोडलं मले. देवळात जाता येत व्हतं, हिनं झोपून घालवलं. त्याच विहिरीवर माह्या बाजूची बाई हंडा उचलून दुसरीकडे ठेवे. पोरीची सोयरीक मोडली. सांगू कसं? एकाले सांगितलं का शेठले कळलं असतं. मंग इथं आली भावाकडे. किती वरीस चालली नं ती विहीर?”

“दोन हजार तीनमध्ये नळ आले. मग बुजवली. आता तिथं गाड्या लावतात.”

भागाबाईनं बोटांची पेरं मोजली, अंगठा एकेका पेरावर ठेवत, सावकाश. दोन्ही हात झाले. “चोवीस उन्हाळे,” ती म्हणाली. मग मान हलवली, बाजारात माल हाती घेऊन पाहिल्यावर हलवतात तशी. स्वस्त पडला की महाग, ते तिच्या तोंडावरून कळलं नाही.

मंगलानं पिशवीतून पत्रक काढून निशाकडे दिलं. निशानं ती ओळ वाचली, आधी मनात, मग मोठ्यानं. वाचून तिनं कागद आजीच्या मांडीवर ठेवला आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

“बाहेरचे कोण?” भागाबाईनं विचारलं. “मी तर त्या गल्लीत जन्मली. माझं नाव लिहिलंय का यात?”

“नाही.”

“काहून? लिहायचं ना.” पहिल्यांदाच तिच्या आवाजात धार आली. “झोपली तं भागाबाई झोपली, असं लिहायचं. लोक कशाले ओढता त्यात?”

“मी रविवारी देवळातल्या निवडणुकीच्या सभेत खरं सांगते,” मंगला म्हणाली.

“सांग. पण माह्यासाठी सांगते असं म्हणू नको. मी कोणाले सांगायले लावलं नाही.” पत्रकाची घडी घालत ती म्हणाली, “मास्तरचं नाव खराब होईल.”

“होईल.”

“बरं,” भागाबाई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये रितेशचा फोन आला. “मॅम, ती लाइन?”

“बळीच राहू दे.”

“पण मॅम, त्याग पॉझिटिव्ह वाटतो. बाई ग्रेट वाटते.”

“बाई काय करते ते तिचं तिला ठाऊक. हे वाक्य कोण बोलतंय ते बघ. ज्याची खुर्ची वाचली तो बोलतोय. तिनं त्याग केला असं तो म्हणाला तर हात धुऊन मोकळा झाला. त्याच्या तोंडी बळीच पाहिजे.”

“ओके मॅम. बात करतो मी क्लायंटशी.”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अण्णांबद्दल बोललो, आणि त्यातून स्वतःलाही वगळता येत नाही. ती तेव्हा तेरा वर्षांची होती, हे खरं. पण ती नंतर चौदाची झाली, विसाची, चाळिसाची. अण्णा गेले तेव्हा अठ्ठेचाळीस. अण्णांच्या शोकसभेत ती दहा मिनिटं बोलली होती, विहीर खुली करणाऱ्या सुधारकाबद्दल. लोक रडले होते. तीही.

रविवारी दहाला सभामंडपात सतरंज्या अंथरल्या होत्या. नंदादीप आता काचेच्या पेटीत असतो, शेजारी कॅमेरा. धर्मेंद्रचं भाषण झाल्यावर सभेच्या अध्यक्षांनी कुणाला काही बोलायचंय का विचारलं, तेव्हा मंगला उठली. माइक घ्यायचं तिला सुचलं नाही. आयुष्यभर वर्गात बोललेला आवाज होता, शेवटच्या खांबापर्यंत पोचला.

“पत्रकात लिहिलंय की एकोणऐंशी साली बाहेरच्या लोकांमुळे दिवा विझला. दिवा माझ्या हातून विझला. गाभाऱ्यात मी बसले होते, झोपले मी. भागाबाईंनी तो आळ स्वतःवर घेतला, विहीर उघडी राहावी म्हणून. माझ्या वडिलांना हे माहीत होतं. त्यांनी होऊ दिलं. मलाही माहीत होतं. ती ओळ खोटी आहे, आणि तिचं शुद्धलेखन मी तपासून दिलंय.”

पंख्याखाली पत्रकांचे कोपरे उडत होते. मग धर्मेंद्र जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “आत्या, तुम्ही थकल्यात. बसा. आजोबा जाऊन दहा वर्षं झाली, त्यांना कशाला मध्ये आणता?” त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खरोखरची काळजी होती, आणि तिला तीच सोसवेना. मागून कुणीतरी म्हणालं की म्हातारपणी बायकांना असं होतं. मोतीलाल शेठचा नातू मात्र वही काढून काहीतरी लिहून घेत होता. त्याला हे धर्मेंद्रला पाडायला हवं होतं. मंगलाला ते दिसलं. खरं बोललेलंही कुणाच्या तरी उपयोगी पडतं, हवं त्याच्या नाही. ती चपला घालून बाहेर आली. बुजवलेल्या विहिरीवर मोटारसायकली उन्हात तापत होत्या.

धर्मेंद्र निवडून आला, अकरा मतांनी. निवडणुकीआधी पत्रक दुसऱ्यांदा छापलं तेव्हा त्यात ती ओळ नव्हती. जुन्या घराण्यांचं वचन होतं, पण पहिल्या बैठकीत ते मंजूर झालं नाही, पुढं ढकललं गेलं. मालिका दिसायला लागली. सहाव्या भागाच्या शेवटी पीठाधीश एकटा बसतो आणि खाली पांढऱ्या अक्षरांत येतं, ‘तिने त्याग केला.’ मंगलानं ते एकदा पाहिलं आणि बंद केलं.

महिनाभरानं दुपारी निशाचा फोन आला. “आजी को बात करनी है,” म्हणत तिनं फोन दिला.

“बोलली म्हणे तू,” भागाबाई म्हणाली.

“बोलले.”

“मंग?”

“धर्मेंद्र येत नाही. वहिनी फोन उचलत नाही. बायका ओट्यावर बसलेल्या असतात, मी गेले की गप्प होतात.” हे बोलताना आपण तक्रार करतोय आणि कुणाकडे करतोय, हे कळून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडून भागाबाईच्या अंगणातल्या कोंबड्यांचा आवाज येत होता.

“सवय होते,” मग ती म्हणाली. “मले सात वरीस लागले. जेवली का?”

“नाही अजून.”

“एकटीसाठी सैपाक करत जाय. पहिले तेच सुटते.”

फोन बंद झाला. अडीच वाजून गेले होते. मंगलानं कालची उरलेली बिस्किटं डब्यात परत टाकली, परात खाली घेतली आणि दोन पोळ्यांची कणीक भिजवायला बसली.